फोर्डचा कारखाना, ईदची नमाज आणि आपला इतिहास

मुसलमानांच्या इतिहासाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे फिरून एकाच जागी येतात. एक आपल्याला शिव्या देणारी, दुसरी आपलीच पाठ थोपटून घेणारी. दोघांनाही बादशहा हवे असतात. पहिल्यांना ते लुटारू म्हणून हवे असतात, दुसऱ्यांना वैभव म्हणून. या दोघांच्या भांडणात आपले आजे-पणजे कुठेच दिसत नाहीत. त्यांनी ना किल्ले जिंकले, ना मकबरे बांधले. ते माग चालवत होते, बोटीवर कोळसा टाकत होते, गिरणीत पाळी करत होते. सुलतानांच्या सनावळ्या तोंडपाठ असलेल्या माणसाला आपले आजोबा नेमके काय काम करत होते, कुठे करत होते, किती पगारावर करत होते, हे विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

म्हणून आज मी एका परक्या मुलखातली गोष्ट सांगणार आहे. तिथल्या मुसलमानांचा इतिहास तलवारीने सुरू होत नाही, मोटारीच्या कारखान्याने सुरू होतो.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराच्या पोटात हायलंड पार्क नावाचे एक छोटे गाव आहे. १९१० साली तिथे ४,१२० माणसे राहत होती. त्याच वर्षी हेन्री फोर्डने तिथे मोठा कारखाना सुरू केला. १९२० च्या शिरगणतीत त्याच गावाची लोकसंख्या ४६,४९९ निघाली. दहा वर्षांत अकरा पट. आपल्याकडे धरणाखाली गावे गेलेली आपण पाहिली आहेत. एका कारखान्यापायी अशी गावे उगवतातही.

फोर्डची 'मॉडेल टी' मोटार १९०८ मध्ये आली. ती साडेआठशे डॉलरला मिळायची. पुढे १९२५ पर्यंत तिची किंमत २६० डॉलरपर्यंत उतरली. हे घडले सरकत्या जोडणी-साखळीमुळे. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात कामगार मोटारीकडे जायचा थांबला आणि मोटार कामगारासमोरून सरकत जाऊ लागली. जो सांगाडा जोडायला आधी बारा तासांहून जास्त वेळ लागायचा, तो दीड तासाच्या आसपास तयार होऊ लागला. कारागिराची गरज संपली. एका माणसाने एकच नट घट्ट करायचा, दिवसभर, रोज.

असे काम कोण करणार? लोक यायचे आणि सोडून जायचे. १९१३ मध्ये सुमारे १४ हजार माणसे कामावर टिकवण्यासाठी कंपनीला वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त माणसे भरती करावी लागली. मग ५ जानेवारी १९१४ ला फोर्डने जाहीर केले की आठ तासांच्या कामाला दिवसाला पाच डॉलर मिळतील. तोवर नऊ तासांना सव्वादोन डॉलरच्या थोडे वर मिळत होते. बातमी फुटली आणि कडाक्याच्या थंडीत दरवाजावर हजारोंची गर्दी जमली. एका दिवशी ती गर्दी हटवायला आगीच्या पाण्याचे पाइप सोडावे लागले. गोठवणाऱ्या हवेत, अंगावरच्या कपड्यांवर.

ही बातमी जहाजांतून आणि पत्रांतून उस्मानी सल्तनतीच्या सीरियापर्यंत, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या डोंगरी खेड्यांपर्यंत गेली. येमेनी लोकांत एक गोष्ट सांगतात की खुद्द फोर्ड बंदरावर एका येमेनी खलाशाला भेटला आणि पाच डॉलरचे सांगितले, मग त्याने सगळ्या मुलखात ते पसरवले. ही आख्यायिकाच आहे, पण मला ती आवडते. कौम आपल्या सुरुवातीची गोष्ट सांगताना त्यात एक खलाशी आणि एक मजुरीचा आकडा ठेवते, एखादा घोडेस्वार ठेवत नाही, ही साधी बाब नाही. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत आगबोटीवर गेलेला एखादा पणजोबा असतोच. त्यांना ही गोष्ट सांगायला नको.

१९१६ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या कामगारांची मोजणी केली, तेव्हा त्यात ५५५ सीरियन अरब निघाले. ख्रिस्तीही असतील, मुसलमानही. आधी आलेले बरेच अरब ख्रिस्ती होते आणि पाठीवर गाठोडे घेऊन फेरीचा धंदा करायचे. मुसलमान मात्र जास्त करून एकटेदुकटे तरुण, चार पैसे जमवून गावी जमीन घ्यायची या इराद्याने आलेले. एका खोलीत पाच-सहा जण राहायचे. आपल्याकडचे भिवंडीचे किंवा दुबईचे चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झाले.

पण पाच डॉलर असे सहज हातात पडत नव्हते. त्यातले निम्मे खरा पगार, बाकीचा नफ्यातला वाटा. आणि तो वाटा मिळवायला 'चांगले वागणे' सिद्ध करावे लागे. त्यासाठी कंपनीने वेगळे 'समाजशास्त्र खाते' उघडले. त्याचे तपासनीस कामगाराच्या घरी जायचे. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, बचत करतो का, बायको खरोखर लग्नाची आहे का, घरात भाडेकरू किती ठेवलेत, सगळे विचारायचे. भाडेकरू ठेवणे त्यांना नापसंत. एका खोलीत गावकऱ्यांबरोबर राहून पैसे वाचवणाऱ्या मजुराच्या जगण्याचा तोच तर आधार होता! मालक दाम जास्त देतो आणि बदल्यात तुमचा उंबरठा ओलांडतो. हा सौदा नीट समजून घेतला पाहिजे, कारण 'फोर्ड किती उदार' हे व्यवस्थापनाची पुस्तके आजही शिकवतात.

त्याच जानेवारी महिन्यात आणखी एक प्रकार घडला. ग्रीक आणि रशियन कामगार आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळला, म्हणजे तेरा दिवस उशिरा, गैरहजर राहिले. आठ-नऊशे माणसे एकदम कामावरून काढली गेली. कंपनीचे म्हणणे असे की अमेरिकेत राहायचे तर अमेरिकेचे सण पाळा. ही माणसे ख्रिस्तीच होती, फक्त तारीख वेगळी होती. त्यांच्या शेजारच्या साखळीवर उभ्या असलेल्या मुसलमान मजुराने यातून ईदबद्दल काय समजून घेतले असेल, हे मी वाचकांवर सोपवते.

भाषेची शिक्षिका म्हणून मला जास्त खटकते ती फोर्डची इंग्रजी शाळा. परदेशी कामगारांना पाळी संपल्यावर तिथे बसावे लागे. पीटर रॉबर्ट्स नावाच्या गृहस्थाने तयार केलेली पद्धत होती. सकाळी उठणे, तोंड धुणे, कामावर जाणे असे रोजचे व्यवहार करून दाखवायचे आणि त्यावर वाक्ये म्हणून घ्यायची. बी.एड.ला आम्ही 'प्रत्यक्ष पद्धत' शिकलो, तिचीच ही सख्खी बहीण. पद्धत चांगलीच आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी स्वतः वापरते. दोष होता हेतूत. शाळेच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक अवाढव्य हंडा ठेवलेला असायचा. मागे जहाजाचा देखावा. कामगार आपापल्या मुलखाच्या कपड्यांत, हातात गाठोडे घेऊन जहाजातून उतरायचे आणि हंड्यात शिरायचे. शिक्षक लांब पळ्यांनी हंडा ढवळायचे. मग तेच कामगार सूट-टाय घालून, हातात छोटे अमेरिकी झेंडे घेऊन बाहेर यायचे.

त्या शिक्षकांच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिले आणि मला लाज वाटली. माझ्या वर्गात मुले घरातली दखनी घेऊन येतात, शाळेत उर्दू लिहितात, माझ्याकडे मराठी शिकतात. मराठी यायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. तलाठ्याकडचा अर्ज, न्यायालयातला कागद, शेजारणीच्या घरातले सुखदुःख, सगळे मराठीत आहे, आणि ती आमचीही भाषा आहे, कुणी उसनी दिलेली नाही. पण नवी भाषा शिकण्यासाठी आधीची अंगावरून उतरवून हंड्यात टाकावी लागते, असे जो सांगतो तो भाषा शिकवत नाही, माणूस मापात बसवतो. ही मागणी फक्त कारखानदार करतात असेही नाही.

आता मशिदीकडे येते. डेट्रॉइटच्या या मजुरांना मशिदीआधी कब्रस्तानाची गरज पडली. परमुलखात माणूस मरतो तेव्हा पहिला प्रश्न मातीचा येतो. तिथल्या तुर्की मजुरांच्या रेड क्रेसेंट संस्थेने मुस्लिम दफनासाठी दफनभूमीत जागा घेतली. मशीद १९२१ ला झाली. हायलंड पार्कमध्ये, फोर्डच्या कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, व्हिक्टर अव्हेन्यू रस्त्यावर. मुहम्मद करूब या जमीन-घरांचा व्यवहार करणाऱ्या सीरियन माणसाने ती बांधली आणि त्याचा भाऊ हुसेन करूब इमाम झाला. त्या वर्षीच्या ईद-उल-फित्रला ती उघडली. अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधलेली ती पहिली इमारत, असे इतिहासकार मानतात. आपल्या भागातला एक माणूसही तिथे होता. पंजाबातले मुफ्ती मुहम्मद सादिक, अहमदिया पंथाचे प्रचारक. त्यांनी हायलंड पार्कहूनच 'मोस्लेम सनराइज' हे नियतकालिक सुरू केले. अहमदियांबद्दल आपल्या उलेमांचे काय म्हणणे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, तो वाद मी इथे काढत नाही. एवढेच नोंदवते की त्या ईदला सुन्नी, शिया आणि अहमदी एका छताखाली होते.

आणि मशीद टिकली नाही. दोन वर्षेही धड नाही. नेतृत्व कुणाचे, नमाज कुणी पढवायची, इमारत जमातीची की एका माणसाची, या वादांत ती बंद पडली आणि पुढे विकली गेली. आमच्या गावातल्या ट्रस्टची भांडणे ऐकून ज्यांचे कान किटले आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. मला मात्र एक गोष्ट नवी वाटली. तिथल्या शिया जमातीचे इमाम खलील बझी यांनी फोर्डच्या कारखान्यात नोकरी केली. कारखान्यात घाम गाळणाऱ्यांबरोबर घाम गाळायचा आणि त्यांचीच जनाजाची नमाज पढवायची. आपल्याकडे इमामसाहेबांना आपण तुटपुंजा पगार देतो, वर त्यांनी दुसरे काम केले तर नाक मुरडतो.

१९२० च्या दशकात फोर्डने आपला मुक्काम हलवला. डिअरबॉर्न गावात रूज नदीकाठी त्याने त्याहून प्रचंड कारखाना उभारला. एका टोकाला बोटीतून लोहखनिज आणि कोळसा उतरायचा, दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर पडायची. भरात असताना तिथे एक लाखाहून जास्त लोक कामाला होते. १९२७ मध्ये जोडणीचे काम तिकडे गेले आणि मजूर त्याच्या मागोमाग गेले. कारखान्याच्या भिंतीला लागून, धुराड्यांच्या सावलीत जी वस्ती झाली तिला 'साउथ एंड' म्हणतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथे एकाच रस्त्यावर सुन्नींची मशीद आणि शियांचा हाशमी हॉल, दोन्ही उभे राहिले. मंदीच्या काळात, मजुरांच्या वर्गणीवर. सुन्नींची मशीद तर बरीच वर्षे नुसते तळघर होते, वरचे बांधकाम पैसे जमतील तसे.

इथे घड्याळ कारखान्याचे होते, हे विसरून चालणार नाही. शुक्रवारी पाळी सुटत नसे. म्हणून जमात एकत्र यायची ती रविवारी. मुलांचे दीनी शिक्षण रविवारी, जेवणावळी रविवारी. मशिदीच्या तळघरात लग्ने व्हायची, लोकनृत्येही व्हायची. स्त्रिया जेवण रांधून विकायच्या आणि त्या पैशांवर मशिदीचे बांधकाम पुढे सरकायचे. समितीत त्यांचा शब्द चालायचा, कारण तिजोरी त्यांनी भरलेली होती. पुढे १९७० च्या दशकात नव्याने आलेल्या, जास्त करून येमेनी मंडळींनी या सुन्नी मशिदीचा ताबा घेतला. तळघरातले समारंभ बंद झाले, बायकांचा वावर आखला गेला, कितीतरी जुनी कुटुंबे दुसरीकडे निघून गेली. नव्यांचे म्हणणे की मशीद मशिदीसारखी असावी. मी ते समजू शकते. परमुलखात मजुरी करणाऱ्याला अल्लाहच्या घरात तरी आपला गाव सापडावा असे वाटते. तरीही माझे मत जुन्यांच्या बाजूने आहे. ज्या बायकांच्या हंड्या-पातेल्यांवर भिंती उभ्या राहिल्या, त्यांना त्याच भिंतींच्या मागे बसवणे हा अन्याय होता. आपल्या गावांत तर आम्हाला मशिदीत जागा असावी की नसावी यावरच चर्चा अजून अडली आहे.

कौतुकात वाहून जाऊ नये म्हणून दोन गोष्टी. याच फोर्डच्या मालकीच्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' साप्ताहिकाने १९२० पासून एक्याण्णव आठवडे ज्यूंविरुद्ध विष ओकले. ते लेखन पुढे हिटलरच्या जर्मनीत आवडीने वाचले गेले. १९२७ मध्ये फोर्डला माफी मागावी लागली. एका जमातीला रोजी देणारा हात दुसऱ्या जमातीविरुद्ध काय छापतो, हे बघण्याची सवय आपण लावून घ्यावी. दुसरी गोष्ट, रूजच्या कारखान्यात हजारो काळे कामगार होते, पण डिअरबॉर्नमध्ये त्यांना घर मिळत नसे. ते इंकस्टर गावात राहायचे. १९४२ ते १९७८ पर्यंत महापौर असलेला ऑर्व्हिल हबर्ड हे वेगळेपण उघडपणे मिरवायचा. अरबांना मात्र कारखान्याच्या कडेला का होईना, जागा मिळाली होती. घर भाड्याने घेताना आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलतो हे आपण भोगतो. म्हणून ही बाब आपल्या नजरेतून सुटू नये.

अर्थात त्या कडेच्या जागेवरही पुढे डोळा गेलाच. वस्ती पाडून तिथे उद्योगांना जागा द्यायची, असे नगरपालिकेने ठरवले. घरे विकत घेऊन एकेक पाडायला सुरुवात झाली, दुरुस्तीचे परवाने अडवले गेले. रहिवासी न्यायालयात गेले. 'अमेन विरुद्ध डिअरबॉर्न शहर' या खटल्यात १९७३ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. कारखान्यातल्या संघटनेत जे शिकले ते वस्तीसाठी वापरले गेले, असे मला वाटते. संघटनाही सुखासुखी मिळाली नव्हती. १९३२ मध्ये बेकारांचा मोर्चा रूजच्या दरवाजावर आला तेव्हा गोळीबारात माणसे मेली, आणि फोर्डने संघटनेला मान्यता दिली ती १९४१ मध्ये.

आज डिअरबॉर्नमध्ये अरब वंशाचे लोक निम्म्याहून जास्त आहेत. तिथे अरब अमेरिकनांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, २००५ पासून. २०२१ मध्ये अब्दुल्ला हमूद महापौर म्हणून निवडून आले. आणि हायलंड पार्क? जिथे पहिली मशीद झाली, तिथे २०२० च्या शिरगणतीत नऊ हजारही माणसे उरली नव्हती. फोर्ड गेला, मग क्रायस्लरही गेली. वीजबिल थकले म्हणून २०११ मध्ये रस्त्यावरचे हजारावर दिवे कंपनीने काढून नेले. एकाच मालकाच्या भरवशावर वाढलेल्या गावाचे असे होते. भिवंडी-मालेगावात यंत्रमाग बंद पडताना जे दिसते, ते याहून फार निराळे नाही.

हा इतिहास आपल्याला सापडतो तो कागदांमुळे. हजेरीचे कार्ड, तपासनीसाचा अहवाल, मशिदीच्या वर्गणीचे पुस्तक, खटल्याची कागदपत्रे. नंतर त्यांच्या नातवंडांनी पेट्या उघडल्या, म्हाताऱ्यांची बोलणी टेप केली. सॅली हॉवेल यांनी डेट्रॉइटच्या जुन्या मुसलमानांवर पुस्तक लिहिले. काही बंगाली मुसलमान खलाशीही जहाजे सोडून डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत पोहोचले होते. विवेक बाल्ड यांनी त्यांचा माग काढला नसता तर ती माणसे कायमची पुसली गेली असती.

आणि आपण? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारी जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये निघाली, तिचा कारखाना कुर्ल्यात. कुर्ल्यापासून प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, कुशन, रेडिएटर, वेल्डिंग या कामांत आपली किती माणसे आहेत हे कुणालाही दिसते. आपल्याकडे अजून कुणी त्यांची पेटी उघडलेली नाही. वालचंदांचे चरित्र मिळते, ते वाचावेच. ज्या उस्तादाने चाळीस शागीर्द तयार केले त्याचे नाव दुकानाच्या पाटीवर असते, पाटी बदलली की तेही जाते.

यंदा नववीच्या वर्गाला मी प्रकल्प दिला आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारायचे. पहिले काम कुठे, कुणी लावले, पगार किती, ईदची सुटी मिळायची का, काम का सुटले. उत्तरे ज्या भाषेत येतील त्या भाषेत उतरवायची, मग मराठीत लिहायची. एका मुलाचे वडील शाळेत आले. म्हणाले, "आपा, गॅरेज का कैसा इतिहास?" मी विचारले, तुमच्या वालिदांच्या हातात पहिला पाना कुणी दिला? ते जरा थांबले, मग खुर्ची ओढून बसले. पुढचा तास गणिताचा होता, गणिताच्या सरांना वर्गाबाहेर थांबावे लागले.